हमीदाचा डावा कान

"मूठभर कापूस द्या. पण त्यात सरकीचं टरफल नको, काडी नको, धुळीचा कणसुद्धा नको."

हमीदानं पिंजणीच्या ताणलेल्या तातीवर मारायला उचललेली मोगरी तशीच हातात धरली आणि मान वर केली. शिरूरचा बाजार भरला होता. दिवाळी सरून थंडी पडू लागली होती, म्हणजे गाद्या-रजयांचे दिवस. इब्राहिम पिंजाऱ्याचा खांदा नेमका ऐन हंगामात धरला होता, म्हणून कापूस पिंजायचं काम लेकीवर आलं होतं. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर, ओढणीवर कापसाचे तंतू बसले होते.

दारात एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. डोक्याला लाल फेटा, फेट्यात खोवलेल्या दोन बारीक सळया, खांद्याला पत्र्याची पेटी.

"एवढं निवडून?" ती म्हणाली. "कुणा नबाबाची उशी भरायचीय जणू."

"उशी न्हाई. कानात घालायचाय."

"कुणाच्या?"

"ज्याचा मळला आसंल त्याच्या. मी दौंडचा सिद्दीक. बाजार-बाजार फिरून कान साफ करतो. आमचा तिकडचा कापूसवाला हजला गेला, म्हणून ह्या दारी आलो."

मोगरी खाली गेली. हमीदाचा दुसरा हात आपसूक डाव्या कानाकडं गेला आणि ओढणी पुढं ओढून परत आला.

तिचा डावा कान वाहत होता. सातव्या वर्षी गोवर निघाला, तेव्हापासून. आता ती एकोणीस वर्षांची होती, आणि ही गोष्ट ती आणि तिची आई इमामबी, दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. रोज सकाळी ती कानात नवा कापूस घाले, त्याला हिन्याचं अत्तर लावी आणि वरून ओढणी घट्ट घेई. वाहत्या कानाची मुलगी कोण करून घेणार? कोरेगाव भीमाच्या एका घरून विचारणा झाली होती. त्या लोकांना कळलं तर गावभर होईल. तिला माणसांच्या डोळ्यांची भीती वाटे, नाकांची तर फारच. आणि आज कानांचा धंदा करणारा माणूसच दारात उभा होता.

तेवढ्यात इब्राहिम चहा पिऊन आला. त्यानं पाहुण्याचा फेटा पाहिला आणि लगेच ओट्यावर बैठक मारली. "ये रे बाबा. तीस वर्सं ह्या तातीची टंगटंग ऐकून दोन्ही कान भरल्यात माझं."

सिद्दीक त्याच्या शेजारी बसला. त्यानं सळईला कापूस गुंडाळला, तेलात बुडवला आणि हलक्या हातानं कानात घातला. हमीदा आडून पाहत होती. तिला नवल वाटलं, कारण तो कानात बघतच नव्हता. त्याची नजर इब्राहिमच्या गालावर होती.

"कान सोडून गाल काय बघता?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"आमच्या वस्तादाची शिकवण हाय. हात कानात, डोळा गालावर. कुठं लागायला लागलं तर आधी गाल हलतो, मग माणूस ओरडतो. ओरडायच्या आत हात थांबला पाहिजे." एवढं बोलून तो मिश्कील हसला. "आता चाचा खोकणार बघा."

आणि इब्राहिम खरंच खोकला! चांगला ठसका लागला त्याला.

"कानाच्या मागच्या भिंतीला खोकल्याची जागा असती," सिद्दीक म्हणाला. "काडी कानात लागती आन् खोकला घशात येतो. का, ते मात्र वस्तादालाबी ठावं न्हवतं."

हमीदा हसली. हसताना तिच्या दोन्ही गालांना खळ्या पडत. तिनं ओढणी तोंडावर घेतली, पण तोवर त्यानं पाहिलं होतं.

मग तो दर बाजाराला येऊ लागला. मूठभर कापूस तो, पण निवडून घ्यायला त्याला अर्धा तास लागे.

"ह्यात काडी हाय," तो म्हणे.

"ती काडी न्हाई, तुमच्या डोळ्यांतलं कुसळ हाय."

"मग डोळं साफ करणारा शोधाय पायजे."

चौथ्या की पाचव्या बाजारी इब्राहिम एका घरी गादीचं माप घ्यायला गेला होता. इमामबी मागं चुलीपाशी. सिद्दीकनं कापूस घेतला, पण तो उठला नाही. हळू आवाजात म्हणाला, "हिन्याचा फाया माणसं ईदंला कानात घालत्यात. तुमचा तर रोज ताजा असतो… कान वाहतो का?"

हमीदानं ओढणी कानावर दाबून धरली.

"कुणाला सांगू नका," ती कशीबशी म्हणाली. "शपथ हाय तुम्हाला. येत्या पंधरवड्यात कोरेगावची माणसं यायचीत."

"सगळ्या तालुक्याचे कान माझ्या पोटात हायेत. एकाचं दुसऱ्याला आजवर बोललो न्हाई." मग त्यानं विचारलं, "कोरेगावची… म्हंजी बघायला?"

"व्हय."

तो खाली कापसाकडं बघत राहिला.

"तुम्ही एकदा बघा की कान," ती म्हणाली. "अम्मा उभी राहील जवळ."

"न्हाई. तुमच्या कानाला मी हात लावणार न्हाई."

त्याचं ते 'न्हाई' तिला चापटीसारखं बसलं. एवढी घाण वाटली त्याला? जन्मभर लोकांचा मळ काढणाऱ्यालाही? तिचे डोळे भरले. ते पाहून तो गडबडला. पेटी उघडून त्यानं कागदाची पुडी काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

"तुरटीची पूड हाय. रोज चिमूटभर टाका आन् वरनं कापूस गच्च बसवा. कान कोरडा होईल."

आणि तो खरंच कोरडा झाला. पिंजाऱ्याचं घर, कापसाला तोटा नव्हता. इमामबीनं घरातला सगळ्यात मऊ कापूस घेऊन रोज बोटानं ठासून भरला. आठ दिवसांत कान वाहायचा थांबला. बारा वर्षांत पहिल्यांदा हमीदाची उशी सकाळी स्वच्छ होती. मायलेकी आनंदानं रडल्या.

पुढच्या बाजारी सिद्दीकनं विचारलं, "गुण आला?"

"खडखडीत."

"मग आता कोरेगावचं पक्कं होईल."

"तुम्हाला काय त्याचं?"

"मला…? कायबी न्हाई. कापूस द्या."

त्या बाजारी त्यानं कापसातली एकही काडी काढली नाही. हमीदाला त्याचंच वाईट वाटत राहिलं.

कोरेगावची माणसं आली, त्या दिवशी सकाळपासून तिच्या कानामागं ठणकत होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही. मटणाचा रस्सा तिनंच केला. चाखून पाहिला तर अळणी लागला, म्हणून मीठ टाकलं. तरी अळणीच. पुन्हा टाकलं. जिभेवर कुठंतरी तांब्याच्या भांड्यासारखी चव येत होती.

मुलाची आई नजमुन्निसाबी पहिला घास घेऊन थांबली. पाण्याचा पेला रिकामा करून ती म्हणाली, "पोरी, समुद्र जवळ हाय व्हय तुमच्या शिरूरला?"

सगळे हसले. हमीदाही लाजून हसली. आणि नजमुन्निसाबीचा चेहरा बदलला. "मला वेडावून दाखवतीस?"

"न्हाई हो…" हमीदा म्हणाली, आणि तिचे शब्द तोंडाच्या एका कडेनं ओघळले. उजवा गाल वर गेला होता, डावा जागचा हलला नव्हता. तोंड वाकडं झालं होतं.

"अल्ला!" इमामबीच्या हातातलं ताट पडलं. पाहुणे उठले. चपला घालताना नजमुन्निसाबी कुणाला तरी म्हणाली, "ह्या पोरीला काय तरी लागलंय. चला, बाहेर पडा आधी."

पुढचे तीन दिवस घरावर भीतीच भीती होती. शेजारच्या गीताबाई म्हणाल्या, अंगावरून वारं गेलं. कुणी नजर म्हणालं, कुणी बाहेरचं म्हणालं. इमामबीनं खिडक्यांना गोणपाट लावलं आणि आरसा कोठीत ठेवला. पण आरसा नसला तरी हमीदा बोटांनी चाचपून पाही. डावा गाल परक्याचा लागे. डावा डोळा मिटत नसे. त्यातून आपोआप पाणी वाही. कानामागचं हाड हात लावू देत नव्हतं. चूळ भरायला गेलं की पाणी डाव्या बाजूनं गळून जाई. आणि तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवे… त्याच्यासमोर आपण दोन्ही गालांनी हसलो होतो. आता तो येईल, आणि बघेल.

तो आला, पण बाजार नसताना. भर दुपारी गुळाच्या लॉरीतून उतरून धावत. फेटा सुटलेला, अंगभर धूळ.

"चाचा, हमीदा कशी हाय?"

इब्राहिमच्या कपाळाला आठी पडली. "तुला काय करायचंय?"

"तोंड वाकडं झालं का? जिभंची चव गेली का?"

"तुला कुणी सांगितलं?" इमामबी दाराशी आली.

सिद्दीक खाली बसला. "कुणी न्हाई. पूड मी दिली, चाची. तिचा कान मी बंद केला."

इब्राहिमनं मोगरी उचलली. आत पडद्यामागं हमीदानं डोळे मिटायचा प्रयत्न केला, एकच मिटला. पण मोगरी खाली आली नाही, कारण सिद्दीक मान वाकवून तसाच बसला होता. "मारा. पण आधी ऐका. येळ लई थोडा हाय."

दौंडला स्टेशनच्या मागं एका डॉक्टरांचा दवाखाना होता. ते पूर्वी लष्करात कान-नाक-घशाचं काम करत. सिद्दीकनं त्यांना सहज विचारलं होतं, तुरटीच्या पुडीनं कान कायमचा बरा होतो ना? डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "वाहता कान बुजवलास? आत काय आहे ते ठाऊक आहे का तुला?" आणि त्यांनी कागदावर सगळा कान काढून दाखवला होता.

आता सिद्दीकनं तोच कान जमिनीवर पसरलेल्या पिंजलेल्या कापसात बोटानं काढला. इब्राहिम मोगरी हातात धरूनच वाकून पाहू लागला.

"ही बाहेरची वाट. माझी सळई इथवरच जाती. इथं हा पडदा, डफासारखा. त्याच्यामागं एक खोली, वाटाण्याएवढी. तिच्यात तीन हाडं. तांदळाच्या दाण्याएवढी. आवाज आला की पडदा हलतो, हाडं हलत्यात, आन् पार आत शंखासारखा कान हाय, त्याला धक्का बसतो. तिथनं नस मेंदूत जाती. मग ऐकू येतं." त्याचं बोट पुढं सरकलं. "पण ह्या खोलीतनं आणखी एक नस जाती, पडद्याच्या मागनं. ती जिभंची चव घेऊन जाती. आन् ह्या भिंतीतनं, हाडाच्या नळीतनं, एक मोठी नस जाती. तिच्यावर सगळा चेहरा चालतो. डोळा मिटणं, हसणं, समदं. पू बाहेर पडत व्हता तवर बरं व्हतं. आपण दार लावलं. पू आत कोंडला. आता तो ह्या नसांना दाबतोय… आन् वर मेंदू हाय."

मग पडद्यामागून हमीदाचा बोबडा आवाज आला, "अम्मा, मीठ दे."

इमामबीनं चिमूटभर मीठ तिच्या जिभेच्या डाव्या कडेला लावलं. काहीच नाही. मग उजव्या कडेला लावलं. खारट!

इब्राहिमनं मोगरी भिंतीशी ठेवली. "लॉरी गेली का हाय?"

"थांबवून ठेवलीय," सिद्दीक म्हणाला.

दौंडला डॉक्टरांनी कान पाहिला, कानामागं हलकेच दाबलं आणि हमीदाची किंकाळी ऐकली. ते आडपडदा न ठेवता बोलले. "कानामागचं हाड उघडून पू काढावा लागेल, आजच. पुण्याला पोचेपर्यंत मी थांबणार नाही. जीव वाचेल. पण चेहऱ्याची नस त्याच हाडात आहे, शिवणाच्या दोऱ्याएवढी. माझी छिन्नी तिला लागली तर हा चेहरा कायमचा असाच राहील."

"अन् न्हाई लागली तर?" हमीदानं विचारलं.

"तर वाट बघायची. नस झोपली आहे. उठेलही."

पूर्ण भूल द्यायची सोय नव्हती. कानामागं सुया टोचून तेवढा भाग बधिर करायचा होता. हमीदा जागीच राहणार होती. नर्स एकच होती आणि तिचे दोन्ही हात कामात असणार होते.

"मला आणखी एक माणूस हवा," डॉक्टर म्हणाले. "त्यानं फक्त हिच्या चेहऱ्याकडं बघायचं. मी नसेच्या जवळ गेलो तर डावा गाल किंवा ओठ किंचित फडकेल. तेवढं दिसलं की 'थांबा' म्हणायचं. डोळा मिटायचा नाही, रक्त बघायचं नाही, घाबरायचं नाही."

इब्राहिमनं तोंड फिरवलं. इमामबी तर आधीच भिंतीला टेकली होती. सिद्दीक दाराबाहेर, पाठ करून उभा होता. हमीदाचं तोंड वाकडं झाल्यापासून तो तिच्याकडं तोंड करून उभाच राहिला नव्हता.

"सिद्दीक," इब्राहिमनं हाक मारली. "हात कानात, डोळा गालावर म्हणालास ना? ये. बघ तिच्याकडं."

हमीदाला उजव्या कुशीवर निजवलं. सिद्दीक तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याचा चेहरा वीतभर अंतरावर होता. तिला वाटलं, तोंड झाकावं… पण हात बांधलेले होते. वाकडं तोंड, न मिटणारा डोळा, गळणारं पाणी. जे जगापासून लपवायचं ते सगळं त्याच्यासमोर उघडं पडलं होतं.

"नका ना बघू," ती पुटपुटली.

"बघणार," तो म्हणाला. त्याच्या ओठांवर घाम होता. "आज मला कुणी अडवायचं न्हाई."

छिन्नीचा पहिला ठोका पडला. दुखलं नाही, पण आवाज आला. बाहेरून नव्हे, तिच्या हाडातून. तिची कवटीच जणू पिंजण झाली आणि कुणीतरी तातीवर मोगरी मारत होतं. टंग… टंग… प्रत्येक ठोक्याला तिला वाटे, आता नस तुटली. आता. आता. तिनं सिद्दीकच्या डोळ्यांना धरून ठेवलं. ते हलत नव्हते. लाल झाले, पाणी आलं, पण पापणी पडली नाही. पूर्वी तो चोरून, अर्ध्या नजरेनं पाही. आज तो असा पाहत होता की जणू त्याच्या बघण्यानंच तिचा चेहरा जागेवर राहिला आहे.

टंग… टंग…

"थांबा!"

तो एवढ्यानं ओरडला की नर्सच्या हातातलं भांडं वाजलं. डॉक्टरांचा हात हवेत राहिला.

"काय दिसलं?"

"ओठ. डाव्या कडेला. केसभर."

छिन्नी बाजूला ठेवून त्यांनी बारीक चमचा घेतला आणि दुसऱ्या बाजूनं वाट काढली. थोड्या वेळानं खोलीत घाण वास पसरला. बारा वर्षं हमीदा ज्या वासाला भीत आली तोच, शंभरपट. सिद्दीकचं नाकसुद्धा हललं नाही.

"निघाला सगळा," डॉक्टर म्हणाले. तेव्हा कुठं सिद्दीकच्या पापण्या मिटल्या.

पेनिसिलिनच्या सुया झाल्या, पट्ट्या झाल्या. हमीदा घरी आली. जीव वाचला होता. डाव्या कानानं कमी ऐकू येई. महिन्यानं डोळा मिटू लागला. पण गाल? तो तसाच राहिला. रोज कोठीतला आरसा काढून ती हसून पाही. अर्धंच हसू येई. डॉक्टर म्हणत, थांब. पण थांबण्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटू लागली होती. रोज थोडी थोडी खात्री होत जाते ना, की आता नाही…

सिद्दीकनं सळया भीमेत टाकल्या होत्या. डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. दोन महिन्यांनी एका बाजारी तो पुन्हा दारात उभा राहिला. फेट्याऐवजी साधी टोपी, पेटीऐवजी पिशवी.

"पट्टीसाठी कापूस पायजे."

"टरफल नको, काडी नको, धूळ नको. ठावं हाय," हमीदा पिंजणीकडं बघत म्हणाली.

इब्राहिम बाहेर ओट्यावर रजईला टाके घालत होता. आत इमामबी पातेली घासत होती, नेहमीपेक्षा बरीच हळू.

"मी चाचांना एक इचारलं व्हतं," सिद्दीक म्हणाला.

"सांगितलं अब्बांनी. मी न्हाई म्हणाले."

त्याचा चेहरा उतरला. बाहेर इब्राहिमची सुई थांबली.

"का?"

"पाप धुवायला लगीन करणार असाल तर मला नको. माझं वाकडं तोंड बघून रोज मनात माफी मागणारा नवरा… मला त्याचं भ्या वाटतं. ऑपरेशनाचं वाटलं न्हाई एवढं."

सिद्दीकनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुम्ही कान बघा म्हणालात, तवा मी हात लावणार न्हाई म्हणालो. का, सांगा बरं?"

"घाण वाटली म्हणून."

"हात थरथरत व्हता म्हणून. सा वर्सं कान कोरले. पैलवानाचे कोरले, फौजदाराचे कोरले, कधी थरथरला न्हाई. पहिल्या बाजारी तुमच्या पापणीवर कापसाचा तंतू बसला व्हता. तवापासनं थरथरतोय. त्या दिवशी धीर करून बघितलं असतं तर पडदा फाटलेला दिसला असता, आन् पूड दिलीच नसती. माझं पाप हायच. पण हे त्याच्या आधीचं हाय, हमीदा. आधीचं धरा की… नंतरचं सोडा."

तिनं मान वळवली. मुद्दाम डावा कान त्याच्याकडं केला. "मोठ्यानं बोला. ह्या कानानं कमी ऐकू येतं."

"आं?"

"काय म्हणालात आत्ता, ते."

तो दाराकडं बघून घुटमळला. मग एक पाऊल पुढं येऊन चांगला मोठ्यानं म्हणाला, "पहिल्या बाजारापासनं तुम्ही मला आवडता!"

आतलं पातेलं घासायचं थांबलं. हमीदाला हसू आवरेना. तिनं ओढणीकडं हात नेला…

"थांबा!" सिद्दीक ओरडला.

ती दचकून थिजली. त्याचे डोळे तिच्या डाव्या गालावर खिळले होते, अगदी त्या दिवशीसारखे.

"हललं," तो कुजबुजला. "डाव्या कडेला. केसभर… हमीदा, हललं!"

"खोटं."

"मी गालाच्या बाबतीत खोटं बोलत न्हाई. पुन्हा हसा."

ती पुन्हा हसली. घाबरत, जपत, कुणी झोपलेल्याला उठवावं तशी. आणि ओठाची डावी कड खरंच किंचित वर गेली. तिला ती आतून जाणवली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही डोळ्यांतून सारखंच. तो अजून पाहतच होता.

"आता किती वेळ बघणार?" तिनं विचारलं.

"डॉक्टरांनी बघायला सांगितलंय."

"ऑपरेशन होऊन दोन महिने झाले."

"पण बघायचं थांब, असं कुणी सांगितलंच न्हाई."

बाहेर ओट्यावर इब्राहिमला खोकल्याचा मोठा ठसका लागला. त्याच्या कानात मात्र त्या वेळी कुणाचीच सळई नव्हती.